भर दुपारी, साठ माणसांनी

रविवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी अनिता म्हात्रेने घरामागचं फाटक ढकललं. जिथे चिऱ्यांची थप्पी असायला हवी होती तिथे पिवळं पडलेलं गवत होतं. पडवीत सिमेंटच्या गोण्या नव्हत्या, फक्त त्यांच्याखाली घातलेल्या फळ्या होत्या. बांबू नव्हते. भिंतीला टेकवून ठेवलेली जुनी सागवानी दारं नव्हती. ज्या ताडपत्रीने हे सगळं झाकलं होतं तीही नव्हती.

तिने पर्समधून वही काढली आणि ओट्यावर बसून लिहिलं. चिरे चारशे. सिमेंट चाळीस गोण्या. बांबू पस्तीस. दारं दोन. ताडपत्री एक. शेवटच्या ओळीला पेन कागदातून आरपार गेलं.

रोह्यातल्या एका केमिकल कंपनीत ती एकोणीस वर्षं स्टोअर सांभाळत होती. खारबेलीतलं वडिलांचं घर दुरुस्तीला काढल्यापासून तिने इथेही कंपनीचीच शिस्त लावली होती. मिस्त्री आठवड्यातून तीन दिवस येई, तिला स्वतःला पंधरा दिवसांतून एकदा यायला जमे. म्हणून राखणीला ठेवलेल्या सोमा वाघमारेने रोज संध्याकाळी साडेसहाला ताडपत्री बाजूला करून मालाचा फोटो पाठवायचा, असं ठरलं होतं. दीड महिना फोटो न चुकता आला. दसऱ्यानंतर मिस्त्री दुसरीकडच्या कामाला गेला, तरी फोटो येतच राहिला. शनिवारी संध्याकाळी कुकर लावताना तिने आलेला फोटो मोठा करून पाहिला. थप्पीच्या कडेला एक पांढरी कोंबडी एका पायावर उभी होती. शुक्रवारच्या फोटोतही ती तशीच उभी होती. गुरुवारच्या, बुधवारच्या, मंगळवारच्या आणि सोमवारच्याही. रविवारी सकाळच्या पहिल्या गाडीने ती पेणला उतरली आणि मिनिडोर रिक्षाने गावात आली.

सोमा बोलावण्याआधीच आला होता. फाटकाच्या बाहेर उभा होता. पन्नाशीचा, काटकुळा, अंगात कुणीतरी दिलेला कंपनीचा निळा शर्ट.

"आत ये. माल कुठाय?"

"म्हाईत नाय ताई."

"फोटो कुणी पाठवले?"

"मीच."

"कोंबडी सहा दिवस एका पायावर उभी होती?"

सोमाने खाली पाहिलं. त्याच्या पायांना पोटरीपर्यंत वाळलेला करडा चिखल होता. तिने तो पाहिला, पण त्याचा विचार केला नाही.

"टेम्पो आला होता का डंपर? चारशे चिरे डोक्यावरून जात नाहीत, सोमा."

"नाय म्हाईत."

"राखायला ठेवला होता मी तुला. का राखणं आणि विकणं दोन्ही तुझ्याकडेच?"

तो रडला असता, त्याने शपथ घेतली असती, उलट उत्तर दिलं असतं तरी तिला चाललं असतं. त्याच्या गप्प राहण्याने तिच्या कानशिलांत रक्त चढलं. तिने फाटकाला कुलूप घातलं आणि मिनिडोर थांबवली.

चौकी गावापासून चार किलोमीटरवर, धरमतरकडे जाणाऱ्या रस्त्याला होती. हवालदार दत्तात्रेय ठाकूर एकटेच होते. त्यांनी तिची वही वाचली.

"पाण्याची मोटर हाय का जागेवर?"

"आहे."

"वायरची बंडलं?"

"आहेत. नळांचे खोकेही आहेत. मी काय गेलं ते सांगतेय."

"तेच म्हणतो ताई. तांबं सोडून चिरे नेले. चोर लई मेहनती दिसतो." ते स्वतःशीच हसले. "संशयित म्हणून कुणाचं नाव घालायचंय, का अज्ञात लिहू?"

"सोमा वाघमारे. आदिवासी वाडी, खारबेली."

"वाडीवरचा काय," हवालदार म्हणाले आणि पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. दहा चाळीसला त्यांचा शिपाई मोटारसायकलवरून सोमाला घेऊन आला. अनिता त्याच वेळी बाहेर पडत होती. सोमाने तिच्याकडे पाहून मान किंचित हलवली, एरवी पाहिल्यावर हलवायचा तशीच.

पंचनाम्याला गावातली दोन माणसं लागणार होती. ती चुलतभावाकडे, पोपटकडे गेली. पोपटची बायको रंभा चुलीपाशी होती.

"वहिनी, पोपटदादा कुठाय?"

"बांधावर गेलेत गो. आख्खा गाव बांधावर हाय."

"रविवारचा?"

"रविवार काय नि सोमवार काय. मंगळवारी बांध फुटला, खांड पडली ना, तवापासून..."

रंभा थांबली. चुलीत आधीच नीट जळणारं लाकूड तिने पुढे सारलं, मग मागे ओढलं.

"कुठे पडली खांड?"

"जा ना, बघून ये तूच," रंभा चुलीकडे पाहत म्हणाली.

खाडीचं खारं पाणी भातशेतात येऊ नये म्हणून घातलेला बांध घरापासून दहा मिनिटांवर होता. भात कंबरेएवढं झालं होतं, लोंब्या भरून वाकल्या होत्या. ओहोटी होती, पलीकडे खाडीचा चिखल चमकत होता. जुन्या बांधाच्या काळपट रेषेत वीसेक हातांचा पट्टा नवा, ओला, करडा दिसत होता. त्याच्यावर माणसं उभी राहून चिखलाचे गोळे हातोहात पुढे देत होती. बोलणं चालू होतं, कुणीतरी हसत होतं. ती जवळ येताना दिसली तसं ते थांबलं.

बांधाच्या खाडीकडच्या अंगाला चिखल अजून चढला नव्हता. तिथे बांबू खोचले होते. बांबूंना टेकून दोन दारं आडवी घातली होती. दारांमागे चिरे. आणि चिऱ्यांच्या फटींतून एकावर एक रचलेल्या गोण्या, पाण्याने आतल्या आत दगड झालेल्या. ती वाकली आणि एका गोणीवरचा चिखल तिने अंगठ्याने पुसला. कारखान्याचा आठवडा आणि साल छापलेला शिक्का वर आला. माल उतरला त्या दिवशी तिने तो वहीत उतरवून घेतला होता.

"कवा आलीस गो?" पोपटने वरून विचारलं.

"ही माझी गोणी आहे."

तिने आडव्या दारावर हात ठेवला.

"ही दारं माझी आहेत. हे चिरे माझे आहेत. चोरी केलीत तुम्ही."

गुणाजी पाटील बांधावरून खाली उतरला. सत्तरीचा, गावातल्या सर्वांत जास्त जमिनीचा मालक. लहानपणी अनिता त्याच्या अंगणात कैऱ्या पाडायला जायची.

"चोरी रातची करतात पोरी," तो म्हणाला. "आम्ही भर दुपारी नेलं. पुनवेच्या उधाणाला, बारा वाजता, साठ माणसांनी. त्यात बाया पण होत्या."

"मग बारा वाजताच मला फोन का नाही केलात?"

"पाणी आत शिरत होतं. भात पोटात दाणा घेऊन उभं हाय. फोन करू का खांड बुजवू?"

"बुधवारी करायचा. गुरुवारी करायचा."

गुणाजीने हातातला चिखल झटकला.

गावाची रीत तिला माहीत नव्हती असं नव्हतं. बांध कुणा एकाचा नव्हता, सगळ्या शेतकऱ्यांचा मिळून होता. त्या मेळाला जोळ म्हणत. खांड पडली की जोळातल्या प्रत्येक घरातून माणूस जायचा, आणि ज्याच्या अंगणात जे हाताला लागेल, गवत, लाकूड, बांबू, ते उचलून खांडीत जायचं. विचारणं नंतर. ती सात-आठ वर्षांची असताना तिच्या वडिलांनी गोठ्याचं छप्पर उतरवून दिलं होतं, आणि सबंध पावसाळा गाय पडवीत बांधली होती. पण तीन वर्षांपूर्वी तिने शेत एका दलालाला विकलं होतं. मागच्या वर्षी जोळाचा फोन आला, बांधावर माणूस पाठव म्हणून.

"काय बोललीस तू तवा?" पोपटने विचारलं. "आठवतं?"

"आठवतं."

"बोल की मग. सगळे हायत."

"आमचं शेत गेलं, आता बांध तुमचा, असं म्हणाले."

"म्हणून विचारलं नाय. ज्याचा बांध नाय त्याला काय विचारायचं?"

"ज्याचा बांध नाही त्याचा माल कसा चालतो, दादा?"

मागे कुणीतरी हसलं. पोपट हसला नाही.

"शेत विकून चिरे घेतलेस ना?" तो म्हणाला. "ज्या शेताचे चिरे त्याच शेताला लागले. बस आता."

ती त्याच्या अंगावर जाईल असं दोघातिघांना वाटलं, ते पुढे सरकले. ती जागची हलली नाही. तिचा आवाज मात्र चढला.

"सोमा चौकीवर बसलाय. तुमच्यातल्या एकाने तरी येऊन सांगितलं? त्याला नेताना गावातूनच नेला ना? सगळ्यांच्या दारावरून?"

"त्याला आम्ही नाय बसवला," गुणाजी शांतपणे म्हणाला. "तू बसवलास."

हे खरं होतं. म्हणून ती मघापेक्षा जास्त चिडली.

"त्याने का नाही सांगितलं मला?"

"आम्ही सांगितलं त्याला, तोंड उघडू नको. भात झोडून झालं की आम्ही सगळे मिळून तुझा माल भरून देणार होतो, मगच बोलणार होतो. फोटोची अक्कल त्याची त्याने चालवली. तो पण होता मंगळवारी. छातीएवढ्या पाण्यात. दारं त्यानेच धरली होती."

तिला त्याच्या पोटऱ्यांवरचा चिखल आठवला.

"मी चौकीवर जातेय. आत्ता. तुमच्यातलं कोण येतंय?"

माणसं एकमेकांकडे पाहू लागली. पोपट खाडीकडे पाहत होता.

"मी येतो," गुणाजी म्हणाला. "मी बोलतो हवालदाराशी. तू बाईमाणूस, एकटी जाऊन काय नाय नीट व्हायचं. तासभर थांब घरी. मी अंघोळ करून कपडे घालतो. असा चिखलात चौकीवर नको."

ती थांबली. गुणाजीकाकाने थांब म्हटलं तर थांबायचं, हे तिच्या अंगात इतकं जुनं होतं की ते आपण करतोय हेही तिच्या लक्षात आलं नाही. रंभाने तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी आणून ओट्यावर ठेवली, काही न बोलता गेली. अनिताने भाकरीला हात लावला नाही. एक वाजला. दीड वाजला. पावणेदोनला तिने गुणाजीच्या घरी जाऊन पाहिलं. त्याची बायको गिरजाबाई ओसरीवर पापड वाळवत होती.

"ते कवाच गेले गो मोटारसायकलवर. तुला घेऊन नाय गेले?"

चौकीच्या पायरीवर सोमाची बायको जानी बसली होती. मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत भाताचा डबा. अनिताला पाहून ती उठली नाही.

"गुणाजीकाका आलेत का गो इथे?"

"आलते. गेले."

आत हवालदार ठाकूर कागद लावत होते.

"झालं ताई तुमचं काम. कबूल केलं त्याने. हात नाय लावला हो, देवाशपथ. आपण होऊन बोलला. माल एका टेम्पोवाल्याला दिला म्हणतो. नंबर आठवत नाय. माणूस आठवत नाय. चारशे चिरे एकट्याने चढवले म्हणतो." त्यांनी चष्मा काढला. "मला पण डोळे हायत. पण माणूस मी केलं म्हणतो, त्याला मी नाय केलंस म्हणू?"

"त्याने केलेलं नाही. माल बांधात आहे. मी पाहून आले. माझा जबाब पुन्हा लिहून घ्या."

हवालदारांनी पेन उचललं, मग खाली ठेवलं.

"कुणी नेला मग?"

"गावाने."

"गावाला अटक करता येत नाय ताई. नावं लागतात."

"देते."

"तुम्ही आधी त्याच्याशी बोला," ते म्हणाले. "मागं व्हरांड्यात हाय. मग लिहू. मी कागद उद्याच्याला वर पाठवणार हाय, संध्याकाळपर्यंत. तोवर ते माझ्या टेबलावर."

सोमा मागच्या व्हरांड्यात बाकावर बसला होता. जानी तिच्या पाठोपाठ आली आणि डबा त्याच्या शेजारी ठेवून उभी राहिली.

"सोमा, मी बांध पाहिला. मला सगळं कळलंय. तू सही का केलीस?"

तो जानीकडे पाहू लागला. जानी बोलली.

"आमची अकरा घरं हायत ना ताई वाडीवर, ती जागा गुणाजी पाटलाची. तीनदा घरकुल आलं, तीनदा माघारी गेलं. जागा नावावर नाय म्हणून. हापिसात बोलतात, जागामालकाची संमती आण. मी सहा वर्षं त्यांच्या पायरीवर बसते. बघू बोलतात." तिने पदराने तोंड पुसलं. "आज ते स्वतः आले. बोलले, सोम्याने आपल्या अंगावर घेतलं तर अकरा घरांच्या जागेला सही देतो. उद्याच देतो."

"आणि तू विश्वास ठेवलास?"

"तुम्हाला काय बोलले ते?"

"मला... तासभर थांब म्हणाले."

"थांबलात ना?" जानी म्हणाली.

अनिता भिंतीला हात लावून उभी राहिली. भिंतीचा चुना तिच्या तळव्याला लागला, तो तिने साडीला पुसला.

"सोमा, ऐक. केस होईल. कोर्टात जावं लागेल. आत जाशील तू."

"किती? सहा महिनं?"

"होतील कदाचित."

"सहा महिनं वीटभट्टीवर जातोच ना दरसाल. तितं पण बाहेर सोडत नाय."

"पण तू चोर नाहीस!" ती ओरडली. आतल्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "नसलेली चोरी डोक्यावर घेऊन फिरणार? उद्या गावात कुणाची पाटी गेली तरी तुझ्याच दारात येतील."

"आजपत्तर कुणाच्या दारात येत होते?" सोमा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. तिला तो असता तर बरं वाटलं असतं. "ताई, माजं नाव तुमीच दिलंत ना इतं? मी सांगितलं नवतं द्या म्हणून. दिलंत तर दिलंत. आता त्याचं कायतरी होतंय, तर परत मागू नका."

जानीने डब्याचं झाकण काढलं आणि त्याच्यापुढे सरकवलं. तो जेवायला लागला.

गुणाजी संध्याकाळी पाच वाजता घरी सापडला. धुतलेला लेंगा, सदरा, ओसरीवर झोपाळ्यावर. पोपट शेजारी चहा पीत होता.

"बस गो. चहा टाक हिला," त्याने आत हाक दिली.

"मला फसवलंत काका."

"कुणी फसवलं? मी हवालदाराशी बोलतो म्हटलं, बोललो. तुझं काम पण झालं, वाडीचं पण झालं, गावाचं पण झालं. तिघांचं एका दिवसात कोण करतो सांग."

"माल गावाने उचलला आणि चोर तो झाला."

"मग काय करतेस? साठ घरांवर केस टाकतेस? टाक. माझं नाव पहिलं घाल. म्हातारा माणूस, मला काय होणार? पण मग सोम्याचं वचन मी कशाला पाळू?" त्याने झोपाळ्याला पायाने रेटा दिला. "तू शेत विकलंस तवा जोळाला विचारलं होतंस का? तुझ्या शेताला लागून खांड पडली. दलालाने बांधाकडे बघितलं नाय तीन वर्षं, उंदरांनी बिळं केली. तुझ्याच शेताच्या तोंडाची खांड ती."

ती उभीच होती. पोपटने कप खाली ठेवला.

"अनिता, घरी जा आता," तो हळूच म्हणाला. "कंपनीत उद्या शिफ्ट असंल."

"रजा टाकलीय." ती गुणाजीकडे वळली. "मी जबाब लिहून ठेवलाय. साठच्या साठ नावं. कुणाकुणाच्या घरातलं कोण बांधावर होतं ते रंभावहिनीला विचारायची गरज नाही, तुम्ही सगळे आज मला तिथे उभे दिसलात. उद्या पाच वाजेपर्यंत अकरा घरांच्या संमतीवर तुमची सही पाहिजे. स्टॅम्पपेपरवर. तालुक्याला जाऊन. मला दाखवायची. ती दिसली तर मी जबाब देणार नाही. नाही दिसली तर सव्वापाचला चौकीत असेन."

गुणाजी हसला. "म्हणजे तू पण सोम्याला आत टाकतेस की. माझ्याच बाजूने आलीस मग."

झोपाळ्याची कडी कुरकुरत राहिली. आतून गिरजाबाई चहाचा कप घेऊन आली, दारातच थांबली, आणि कप घेऊन परत आत गेली.

"पाच वाजेपर्यंत," अनिता म्हणाली.

सोमवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी गुणाजी पाटील कागदांची पिशवी घेऊन पेणच्या मिनिडोरमध्ये बसला. हे वाडीवरच्या सगळ्यांनी पाहिलं, कारण अकरा घरांतली माणसं रस्त्याच्या कडेला येऊन बसली होती. कुणीही त्या दिवशी कामाला गेलं नव्हतं. जानीने पिशवीत सातबाऱ्याची नक्कल आहे का, असं विचारलं. गुणाजीने पिशवी थोपटून दाखवली.

अनिता तिच्या ओट्यावर बसली होती. समोर दोन कागद. एकावर नावं, तिच्या सरळ, स्टोअरच्या अक्षरात. दुसरा कोरा. बारा वाजता भरती येऊ लागली. पोपट बांधावर जाताना फाटकापाशी थांबला.

"तो लिहिलेला कागद दे माझ्याकडे."

"का?"

"फाडतो."

"माझं नाव वाचलंस का त्यात?"

"तुझं कशाला असंल?"

"एकसष्टावं आहे. सोमाचं नाव खोटं दिलं म्हणून."

पोपटने तिच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. फाटक न लावता तो निघून गेला.

दुपारी अडीचला हवालदारांचा पहिला फोन आला. कागद पाठवू का, असं त्यांनी विचारलं. पाचपर्यंत थांबा, असं तिने सांगितलं. चार वाजता दुसरा आला. साहेब विचारतायत, असं ते म्हणाले. तिने तेच सांगितलं.

पावणेपाचला, गुणाजीमागोमाग पेणला गेलेला वाडीवरचा एकजण परत आला. गुणाजी पाटील पेणच्या स्टँडवर उतरल्याचं त्याने पाहिलं होतं, पण तिथून ते तालुक्याच्या कचेरीकडे वळले नाहीत. समोर उभ्या असलेल्या नागोठण्याच्या गाडीत चढले. त्या वाटेवरच्या गडब गावात त्यांची मोठी लेक दिली होती. जानीने हे ऐकून घेतलं आणि ती पुन्हा रस्त्याच्या कडेला जाऊन बसली.

गुणाजीचा मोबाइल बंद लागत होता. गडबच्या घरचा फोन लेकीने उचलला. अण्णा जेवून तीनलाच निघाले, ती म्हणाली. कुठे जातायत ते बोलले नाहीत. पिशवी बरोबर होती का, असं अनिताने विचारलं. लेकीने थोडा विचार केला. होती बहुतेक, ती म्हणाली.

पाच वाजता कचेरी बंद झाली. पाच वीसला अनिता लिहिलेला कागद घेऊन चौकीसमोर मिनिडोरमधून उतरली. पायरीवर जानी नव्हती. ती अजून रस्त्यावरच होती. हवालदार दारात उभे होते, हातात सोमाचा कबुलीजबाब, बाहेर उभ्या असलेल्या शिपायाच्या मोटारसायकलचं इंजिन चालू.

"आणलात का जबाब?" त्यांनी विचारलं.

व्हरांड्याच्या टोकाला सोमा उभा होता. त्याने तिच्या हातातला कागद पाहिला होता.

पाच चाळीसपर्यंत अनिता कागद हातातच धरून पायरीवर उभी होती आणि मोटारसायकलचं इंजिन चालू होतं. गुणाजी पाटील खारबेलीत परतला नव्हता.